निवडलेला आणि फितूर झालेला

यहूदा इस्कर्योत हा येशूने स्वतः निवडलेल्या बारा प्रेषितांपैकी एक. नव्या कराराने ही गोष्ट झाकलेली नाही. चारही शुभवर्तमाने त्याची ओळख बारांपैकी एक अशीच करून देतात. योहानाच्या वृत्तांताप्रमाणे सर्वांच्या पैशांची थैली त्याच्याकडे असे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने बुडवलेला घास त्याच्याच हाती दिला, आणि तो घेऊन यहूदा रात्री बाहेर पडला. मत्तयाच्या मते येशूला पकडून देण्याचा सौदा चांदीच्या तीस नाण्यांचा होता. मोशेच्या नियमशास्त्रात बैलाने ठार मारलेल्या दासाची भरपाई तेवढीच ठरलेली आहे.

येशूला ही फितुरी आधीच ठाऊक असेल, तर त्याने यहूदाला निवडले कशासाठी? आणि शास्त्रलेख पूर्ण व्हायचाच होता, तर दोष यहूदाचा कसा? दुसऱ्या शतकात केल्सस या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने हाच मुद्दा धारदार केला: ज्याने भाकीत केले त्या देवानेच पंक्तीला बसलेल्यांना फितूर केले. सुमारे 248 साली ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने त्याला उत्तर दिले. भाकीत केले म्हणून घटना घडत नाही. घटना घडणार असते म्हणून भाकीत करता येते. ओरिजेन इथेच थांबला नाही. यहूदाने नाणी परत नेऊन दिली, निर्दोष रक्ताचा घात केल्याची कबुली दिली, यावर त्याने बोट ठेवले. गुरूची शिकवण त्याच्या मनातून पुरती पुसली गेली नव्हती, असे त्याचे म्हणणे. यहूदाला निव्वळ राक्षस न ठरवणारे हे वाचन आजही सर्वांत न्याय्य वाटते.

पुढच्या काळात सूर कठोर झाला. धर्मतज्ज्ञ ऑगस्टिनच्या मते अकरा जण दयेने निवडले गेले, यहूदा न्यायाने. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने पदासाठीची निवड आणि तारणासाठीची निवड वेगळी काढली: यहूदाला पद मिळाले, तारण नाही. याने तर्क जुळतो, पण तो घास हाती देण्यातली जवळीक अशा मांडणीत कुठे बसवायची, हा प्रश्न तसाच राहतो. निवड देवाच्या निखळ इच्छेवर की माणसाच्या विश्वासावर, हा वाद नेदरलंड्समध्ये पेटला आणि 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेने पहिल्या बाजूने कौल दिला. विसाव्या शतकात धर्मतज्ज्ञ कार्ल बार्थने मांडणीच पालटली. त्याच्या मते निवडलेला आणि नाकारलेला, दोन्ही ख्रिस्तच. यहूदाचा अंतिम निकाल त्याने खुला ठेवला. कॅथलिक चर्चनेही कोणा एका व्यक्तीला, अगदी यहूदालाही, नरकवासी म्हणून अधिकृतपणे घोषित केलेले नाही.

यहूदा फितूर झाला त्याच रात्री प्रेषित पेत्रानेही येशूला तीनदा नाकारले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. पेत्र रडला आणि पुन्हा सोबत्यांत राहिला. मत्तयाच्या वृत्तांतात यहूदा एकटाच गेला आणि त्याने गळफास घेतला. मध्ययुगीन युरोपने तर त्याचा दोष साऱ्या ज्यू समाजावर लादला. बाराही प्रेषित ज्यूच होते, याचा विसर पडणे हा अक्षम्य अन्याय होता.

यहूदाची जागा मात्र रिकामी ठेवली गेली नाही. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि मत्थियाची निवड झाली. पुढे हेरोद राजाने बारांपैकी याकोबाचा तलवारीने वध करवला, तेव्हा त्याच्या जागी कोणाला नेमल्याची नोंद नव्या करारात नाही. मृत्यूने याकोबाचे प्रेषितपद संपले नाही. फितुरीने यहूदाचे संपले.