वाटणी आणि वगळणी

काशीतल्या दुर्गाघाटावरील एका जुन्या मराठी वाड्याच्या चौकात, आईच्या तीर्थश्राद्धासाठी माझा धाकटा भाऊ बोटात दर्भाचे पवित्रक घालून बसला होता आणि मी त्याच्या शेजारी सातूच्या पिठाचे पिंड वळून पत्रावळीवर मांडून देत होते, त्या वेळी आपल्या पाळीची वाट पाहत पलीकडच्या पाटावर बसलेल्या एका सद्गृहस्थांनी, संकल्पात गोत्राचा उच्चार होताच, माझ्याकडे वळून मोठ्या समाधानाने सांगितले, "ताई, गोत्र म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, वाय गुणसूत्र. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, जसेच्या तसे. पाश्चात्त्यांना हे कालपरवा कळले. आपल्या ऋषींनी केव्हाच नोंदवून ठेवले आहे." मी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे, तेव्हा उत्तर ओठांवर आलेच होते, पण हातात आईचा पिंड होता, म्हणून ते गिळले. पुढचे चार दिवस काशीत फिरताना ते वाक्य डोळ्यात गेलेल्या कुसळासारखे सलत राहिले.

सलत राहिले ते त्यातल्या असत्यामुळे नव्हे. वाय गुणसूत्राविषयी त्यांनी जे सांगितले ते बव्हंशी खरेच आहे. सलले ते हे, की ज्या स्त्रीसाठी तो पिंड वळला जात होता ती, आणि तो वळणारी मी, अशा आम्हा दोघींनाही त्या हिशेबात कोठेच जागा नव्हती.

माणसाच्या देहपेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. बीजांड किंवा शुक्रपेशी घडताना ती निम्मी होतात आणि दोहोंच्या संयोगाने पुन्हा ४६ भरतात, हे शाळेच्या पुस्तकातले ज्ञान वाचकाला आहेच. प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जायचे, आणि कोणते जायचे ते दैवाधीन, म्हणून एका माणसाच्या बीजपेशींत ८३,८८,६०८ प्रकारच्या निवडी संभवतात, हा आकडाही सर्वत्र छापलेला असतो. १८८३ मध्ये फान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंतामध्ये माता आणि पिता यांच्याकडून सारख्याच संख्येने सूत्रे येतात हे पाहिले आणि १८८७ मध्ये वाइसमान यांनी, हे सूत्रांचे निम्मे होणे प्रत्येक पिढीत घडलेच पाहिजे, असे निव्वळ तर्काने सांगितले, हाही इतिहास येथे उगाळीत बसत नाही. या विभाजनाला आपण अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतो, आणि माझी तक्रार येथूनच सुरू होते; कारण त्या ‘अर्ध’ शब्दाने फार मोठा घोटाळा करून ठेवला आहे.

निम्मे म्हटले की आपल्या मनासमोर वाटणी उभी राहते. दोघा भावांत जमीन वाटली गेली, वाटणीपत्र झाले, तलाठ्याच्या दफ्तरी फेरफार नोंदला गेला आणि खातेफोड झाली, तरी जमीन तेवढीच राहते. दोन्ही तक्षिमा एकत्र मांडल्या तर मूळची मिळकत चतुःसीमेसह पूर्ण भरते. अर्धगुणसूत्री विभाजनात असे काही होत नाही. बीजांड घडताना पेशीची दोन विभाजने होतात, पण पेशीद्रव्य जवळजवळ सगळे एकाच वारसाला मिळते. बाकीचा हिस्सा प्रत्येक वेळी एका चिमुकल्या ध्रुवीय पेशीत बांधून बाजूला सारला जातो आणि ती पेशी विरून जाते. वाटणीत हिस्सेदार अनेक आणि मिळकत अखंड; येथे वारस एकच, आणि उरलेली मिळकत बेवारस. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, की याला वाटणी म्हणू नका, वगळणी म्हणा.

हा भेद मी वर्गात अनेकदा सांगितला होता, पण तो मला कळला त्या चौकात. आईचा निम्मा अंश माझ्यात आला, निम्मा भावात गेला. पण दोघांत आलेले निम्मे एकच नाही, आणि दोन्ही मिळून आई पूर्णही होत नाही. सरासरीचा हिशेब मांडला तर आईच्या गुणसूत्रांतला चौथा हिस्सा आम्हा दोघांपैकी कोणाकडेच आलेला नाही. तिला आणखी एक मूल असते तर आठवा हिस्सा तरीही उरलाच असता. जे आमच्याकडे आले नाही ते तिच्या देहाबरोबर गेले. हे गणित शाळकरी मुलालाही येईल इतके सोपे आहे. परंतु समोर पिंड असताना ते करून पाहिले की बोटे थांबतात.

या प्रक्रियेत केवळ वगळणीच असती तरी तिच्यात एवढे आश्चर्य नव्हते. वगळण्यापूर्वी जे घडते ते मला अधिक विलक्षण वाटते. पित्याकडून आलेले आणि मातेकडून आलेले गुणसूत्र गर्भधारणेच्या क्षणापासून एकाच पेशीत नांदत असते, पण एका माजघरात राहूनही ज्यांचे कधी बोलणे झाले नाही अशा दोन माणसांप्रमाणे ती दोघे आपापली कामे निमूटपणे करीत राहतात. त्यांची खरी गाठ पडते ती बीजपेशी घडण्याची वेळ आल्यावरच. तेव्हा ती दोन सूत्रे अंगाला अंग लावून, टोकापासून टोकापर्यंत जुळून बसतात, ठिकठिकाणी तुटतात आणि तुटलेल्या जागी एकमेकांचे तुकडे जोडून घेतात. बीजांड घडताना अशा सुमारे चाळीस, तर शुक्रपेशी घडताना सुमारे पंचवीस अदलाबदली होतात. म्हणजे माझ्या आईवडिलांचे गुणसूत्रांच्या पातळीवरचे खरे मीलन त्यांच्या लग्नात झाले नाही, माझ्या जन्मातही झाले नाही. ते माझ्या बीजांडांत झाले, आणि त्याचे फळ माझ्या मुलीला मिळाले. प्रत्येक लग्न अशा रीतीने एक पिढी उशिरा लागते.

आणि स्त्रीच्या देहात ते केव्हा लागते? ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असताना. गर्भातल्या मुलीच्या बीजांडकोशात हे विभाजन सुरू होते, सूत्रे जुळतात, तुकड्यांची देवघेव होते, आणि सगळे तेथेच थबकते. ते पुन्हा हलते वीस-तीस वर्षांनी, बीजांड पक्व होऊन बाहेर पडताना, आणि पूर्ण होते ते शुक्रपेशीचा प्रवेश झाल्यावरच. ज्या बीजांडापासून मी झाले त्यातली सूत्रे जुळली त्या वेळी आई आजीच्या पोटात होती. त्या दिवसांत आजीने खाल्लेल्या भाकरीवर आम्ही तिघी पोसल्या गेलो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेषेत असा एक देह, एक मुक्काम, तीन पिढ्या, असा योग कधीच येत नाही.

आता त्या सद्गृहस्थांकडे वळते. गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र असेल, तर दत्तक मुलाचे गोत्र विधीने कसे बदलते? होमाने गुणसूत्र बदलत नाही. क्षत्रिय-वैश्यांना पुरोहिताचे गोत्र सांगण्याची मुभा शास्त्रानेच दिली आहे. पुरोहिताचे गुणसूत्र त्यांना कोणी दिले? चाळीस पिढ्यांपूर्वी ज्यांचा कोणी समाईक पुरुष असेल-नसेल अशा सगोत्रांना लग्न निषिद्ध, आणि ज्या मामेबहिणीशी आपला सुमारे आठवा अंश समाईक असतो तिच्याशी मात्र आपल्याकडच्या कित्येक घरांत परंपरेने लग्न लागते, हे कोणत्या गुणसूत्राच्या नियमात बसते? सगोत्र विवाहावरील बंदी १९४६ च्या कायद्याने उठली. त्यानंतरच्या पिढ्यांत गोत्राच्या बचावासाठी विज्ञानाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची ही हौस मला त्या साक्षीदारावर अन्याय करणारी वाटते.

शिवाय ‘जसेच्या तसे’ या शब्दांत जो अभिमान आहे त्याचाही विचार केला पाहिजे. वाय जसेच्या तसे राहते, कारण एक्सबरोबर जुळून अदलाबदल करण्याचे ते जवळजवळ सोडून बसले आहे. पंधरा-वीस कोटी वर्षांपूर्वी ही दोघे एकमेकांची सजातीय जोडी होती. आज एक्सवर सुमारे आठशे प्रथिनकारी जनुके आहेत आणि वायवर फार तर शंभरेक. देवघेव थांबली की बिघडलेले जनुक बाजूला सारून चांगले उचलण्याची वाटच बंद होते, आणि झीज साचत जाते. तरीही वायला आपले टोक एक्सच्या टोकाला जोडून तेथे एक अदलाबदल करावीच लागते, प्रत्येक बापाच्या देहात, प्रत्येक वेळी. कारण ज्या सूत्रांची देवघेव झाली नाही त्यांना नीट वेगळेही होता येत नाही. ती अदलाबदल हीच त्यांना विभाजनाच्या मध्यरेषेवर धरून ठेवणारी आकडी असते. ती निसटली की एका पेशीत दोन जातात, दुसरीत एकही नाही. म्हणजे बापाची ती अभंग रेषासुद्धा, आजीकडून आलेल्या एक्सचा हात धरल्याविना एक पाऊल पुढे पडत नाही.

याच काशीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, लिंगगुणसूत्रांच्या या झिजेचा एक सुंदर धागा उलगडला गेला आहे, आणि विषयांतराचा दोष पत्करूनही तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही. प्राध्यापक राय-चौधुरी यांच्या हाताखाली लालजी सिंग नावाचा, शेजारच्या जौनपूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला तरुण सापांच्या गुणसूत्रांवर काम करीत होता. पुढे तोच या विश्वविद्यालयाचा कुलगुरू झाला. बहुतेक सापांत आपल्या उलट असते: नराची लिंगगुणसूत्रे सारखी, आणि मादीची एक झेड, एक डब्ल्यू. १९७१ साली राय-चौधुरी, सिंग आणि शर्मा यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसले, की अजगराच्या कुळात लिंगगुणसूत्रे वेगळी ओळखू येणार नाहीत इतकी सारखी असतात. अधिक अर्वाचीन सापांपैकी काहींत डब्ल्यूचा आकार अजून झेडसारखाच, पण आतून ते घट्ट आवळलेले, मूक झालेले. आणि घोणसीच्या कुळात ते आकारानेही खुजे झालेले. पहिल्यांदा एकटेपण आणि मौन, मग ऱ्हास, अशा एका दीर्घ इतिहासाचे टप्पे निरनिराळ्या सापांत जणू जपून ठेवलेले त्यांना सापडले. विश्वविद्यालयाच्या त्या विस्तीर्ण आवारातल्या झाडांखालून जाताना माझ्या मनात आले, की सापांनी गोत्र पाळले असते तर ते आईकडून मुलीकडे गेले असते.

येथपर्यंत माझे म्हणणे स्वच्छ होते: गोत्र हे नाव आहे, देह नाही; आणि मनातल्या मनात मी पुढे म्हणत होते, म्हणून त्याची किंमत ती काय! पण त्या गृहस्थांचे खंडन पुरे करावे म्हणून मिताक्षरा उघडली, आणि तिथे मी अडखळले.

मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरचा, आजच्या बसवकल्याणचा, म्हणजे आपल्या सीमेवरचाच. ज्यांच्यात विवाह निषिद्ध अशा निकटच्या नातलगांना सपिंड म्हणतात; त्या शब्दातला पिंड म्हणजे श्राद्धातला गोळा, असे बंगालचा जीमूतवाहन म्हणतो. विज्ञानेश्वर म्हणतो, पिंड म्हणजे देह. ज्यांच्यात एकाच देहाचे अवयव आले आहेत ते सपिंड. आणि हे अवयव पित्याद्वारे पितामहाकडून येतात तसेच मातेद्वारे मातामहाकडूनही येतात. गोत्राच्या रेषेत ज्या आईला जागा नव्हती ती त्याच्या व्याख्येत पहिल्याच ओळीत आहे. पुढे त्याला हेही दिसले, की या अनादी संसारात असे पाहू गेल्यास सगळेच सगळ्यांचे सपिंड ठरतील. म्हणून पित्याकडून सातव्या आणि मातेकडून पाचव्या पिढीवर मर्यादा घालावी लागते. आपल्या १९५५ च्या विवाह कायद्याने ती पाच आणि तीनवर आणली, पण पद्धत त्याचीच ठेवली. त्याला अर्धगुणसूत्री विभाजन ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. म्हटले तर त्या सद्गृहस्थांत आणि माझ्यात फरक उरणार नाही. त्याने देहाकडे पाहून प्रामाणिकपणे विचार केला, एवढेच.

परंतु एक गोष्ट त्याला दिसणे शक्य नव्हते: अवयव पातळ होत होत अनंतापर्यंत पोचत नाहीत. वगळणी दर पिढीला होते आणि सूत्रांचे तुकडे मोजकेच पडतात. सहा-सात पिढ्यांपर्यंत बहुतेक प्रत्येक पूर्वजाचा काही ना काही अंश आपल्यात सापडतो. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एकही तुकडा आपल्या पेशीत नसतो. ती माणसे होती, त्यांच्यावाचून आपण नसतो, आणि तरीही आपल्या देहात त्यांची नोंद नाही. देह हे दफ्तर मी समजत होते तितके विश्वासाचे नाही. दर पिढीला त्यातली निम्मी पाने फाडली जातात.

मग नावाला ‘केवळ नाव’ म्हणण्याचा अधिकार मला कसा पोचतो? देह ज्यांना वगळतो त्यांना राखून ठेवण्याचे दुसरे साधनच नसेल, तर ते साधन देहाहून हलके कसे? भावाच्या समाधानासाठी मी काशीला आले होते. परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच त्या वाड्यात गेले आणि गुरुजींना आमच्या घराण्याची वही पुन्हा काढायला सांगितली.

लाल कापडात बांधलेल्या त्या लांबट वहीत, बोरूने लिहिलेल्या मोडीत, माझ्या आईच्या आजोबांची यात्रा नोंदलेली आहे. गुरुजींनी बोट फिरवीत वाचले: नाव, बापाचे नाव, आजाचे नाव, गाव, आणि ‘सहकुटुंब’. त्या एका शब्दात माझी पणजी आहे. रेल्वेने, कडेवर मूल घेऊन, ती या घाटापर्यंत आली असेल, याच पायऱ्या उतरली असेल. मी विचारले, स्त्रियांची नावे लिहिता येतील का? गुरुजी म्हणाले, "का नाही? सांगणारे सांगत नाहीत, म्हणून लिहीत नाही." आईचे सासरचे आणि माहेरचे, दोन्ही नावे लिहिली. आजीची लिहिली. पणजीच्या नावाशी आम्ही थांबलो. मी तिथूनच सांगलीला मावशीला फोन लावला. ती आता नव्वदीच्या घरात आहे. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "नाव नाही गं आठवत. सगळे तिला काकीच म्हणत. म्हैसाळची होती, एवढं ठाऊक आहे."

गुरुजींनी लेखणी टेकवली होती, ती त्यांनी उचलली नाही. आईच्या आईच्या नावाखाली, जागा सोडून, त्यांनी लिहिले: म्हैसाळ.