धनी गेल्यावर वकील कुणाचा?

आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. जुन्या मराठीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात पाठवलेला माणूस, आजचा राजदूत. त्याला स्वतःचं मत कुणी विचारत नाही, तो धन्याच्या वतीने बोलतो. मग धनीच मेला तर तो कुणाच्या वतीने बोलणार?

हा प्रश्न मला रंगो बापूजी गुप्त्यांमुळे पडतो. ते साताऱ्याचे, पण गोष्ट आम्हा सोलापूरकरांच्या दारापर्यंत येते. आम्ही अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातो ना, ते संस्थान एकेकाळी सातारच्या छत्रपतींची जहागीर होतं. सातारचं राज्य बुडालं आणि अक्कलकोट थेट इंग्रजांच्या हाताखाली गेलं.

१८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, कंपनीचे शिपाई फितवले, असे. मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली असती तर गादी वाचली असती, पण त्या सहीत गुन्ह्याची कबुली होती. प्रतापसिंहांनी नकार दिला. गादी धाकट्या भावाला, शहाजींना मिळाली आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली.

माझ्या मते रंगो बापूजींना समजून घ्यायचं तर या नकारापासून सुरुवात करावी लागते. धन्याने सही नाकारून राज्य घालवलं होतं. वकिलाने लंडनमध्ये बसून 'जाऊ द्या, थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही' म्हटलं असतं, तर तो नकार फुकट गेला असता.

ते लंडनला गेले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले. जवळपास चौदा वर्षं! अर्ज केले, पत्रं आणि पुस्तिका छापून वाटल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलणारी माणसं मिळवली. खासदार जोसेफ ह्यूम त्यांपैकी एक. दुसरे जॉर्ज थॉम्पसन, गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेत जाऊन भाषणं केलेले. चोराच्याच घरी फिर्याद, असं कुणी म्हणेल. मलाही तसं वाटतं. पण १८१९ च्या तहाचा कागद त्यांच्या हातात होता आणि तो मानायला लावायचा तर तो लिहिणाऱ्याकडेच जावं लागणार होतं.

१८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. पुढच्या वर्षी शहाजीही गेले. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर क्लार्क यानेसुद्धा दत्तक मान्य करावा असं मत दिलं होतं; पण डलहौसीने सातारा खालसा केला. दत्तक नामंजूर करून त्याने गिळलेलं हे पहिलं राज्य.

आता धनी नाही आणि राज्यही नाही. नोकरी म्हणून पाहिलं तर काम संपलं होतं. पण धन्याची विधवा होती, दत्तक मुलगा होता आणि न धुतला गेलेला आरोप होता. रंगो बापूजी त्यांच्यासाठी भांडत राहिले. कर्ज इतकं झालं होतं की शेवटी देणी भागवून परतीची सोय कंपनीनेच केली. ज्यांच्याविरुद्ध फिर्याद, त्यांच्याच पैशाने घरी यायचं! हे वाचताना माझा घसा दाटतो, आणि थोडा रागही येतो. त्यांचा की कंपनीचा, ते सांगता येत नाही.

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे. पुढे मात्र अडखळतो. अर्ज संपले तेव्हा, १८५७ मध्ये, त्यांचं नाव साताऱ्याच्या उठावाच्या कटात आलं. कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फासावर दिलं, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

स्वतःची चौदा वर्षं देणं वेगळं. त्या निष्ठेचं देणं मुलाच्या गळ्यापर्यंत पोहोचतं, तेव्हा बापाला काय म्हणायचं? सीताराम स्वतःच्या मनाने कटात उतरला असेल, तर त्याच्या मरणाचं ओझं बापावर टाकणं म्हणजे त्याचं स्वतःचं धाडस हिरावून घेणं होईल. आणि बापाच्या मागे म्हणून उतरला असेल, तर? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतो आणि दोन्हीकडे मला तोच गेंडामाळ दिसतो.

रंगो बापूजी निसटले. इंग्रजांनी खूप शोधलं, पण ते कधीच हाती लागले नाहीत.