सर्व्हरला दोष देऊ नकोस

"सर, सर्व्हर बिघडलाय. कधी नीट चालतो, कधी नाही." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नकोस. सर्व्हर ठणठणीत आहे. बिघडलाय तो तुझा कोड, आणि मॉड-पर्लवर आणण्याआधी सीजीआयवर होता तेव्हाही तो बिघडलेलाच होता.

सीजीआयवर प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची, स्क्रिप्ट पहिल्यापासून कंपाइल व्हायची, पान गेलं की प्रोसेस संपायची. तुझा सगळा पसारा तिच्याबरोबर नाहीसा व्हायचा आणि तुला वाटायचं, आपण नेटकं लिहितो. मॉड-पर्लमध्ये पर्ल अपाची सर्व्हरच्या पोटातच मुक्काम करतो. मॉड-पर्लची रजिस्ट्री तुझी स्क्रिप्ट एकदा कंपाइल करते, एका सबरुटीनमध्ये गुंडाळते आणि तीच पुन्हा पुन्हा चालवते. वेग त्यातूनच येतो. पण ग्लोबल व्हेरिएबलमध्ये तू टाकून ठेवलेलं सभासदाचं नाव पुसायला आता कोणी येत नाही.

परिणाम काय झाला? वाचनालयाच्या साइटवर एका बाईंना दुसऱ्याच सभासदाचा पत्ता दिसला. त्या सभासदाला अजून याची कल्पनाही नाही. आणि तू काय केलंस? अपाची रीस्टार्ट केलास! चाइल्ड प्रोसेस नव्या झाल्या, थोडा वेळ बरं चाललं, तू घरी गेलास. मग कोणाचं तरी ऐकून एका चाइल्डने एकच विनंती घ्यावी अशी मर्यादा घातलीस. मग मॉड-पर्लवर यायचंच कशाला?

प्रत्येक चाइल्डची मेमरी वेगळी असते. विनंती कोणत्या चाइल्डकडे जाईल हे तुझ्या हातात नाही. तुझ्या 'कधी चालतं, कधी नाही'चं कारण एवढंच. अपाची एकाच प्रोसेसमध्ये चालवायचा पर्याय आहे, कॅपिटल एक्सचा. तो लाव, दोन वेगळ्या नावांनी पाठोपाठ लॉगिन कर. चूक दर वेळी समोर येईल.

एरर लॉग तर तू उघडलाच नाहीस. त्यात पर्लने स्पष्ट बजावलंय: 'विल नॉट स्टे शेअर्ड'. म्हणे, "पण सर, मी 'माय' लावलंय." लावलंस, पण फाइलच्या माथ्यावर! ती जागा आता रजिस्ट्रीच्या सबरुटीनच्या आत आहे. तिथलं व्हेरिएबल तुझ्या नाव दिलेल्या आतल्या सबरुटीनने पहिल्या विनंतीच्या वेळी धरलं ते धरलंच. पुढच्या विनंतीला बाहेर नवं नाव येतं, आतली सबरुटीन मात्र पहिल्याच माणसाचं नाव छापत राहते. उपाय सोपा आहे: जे लागतं ते आर्ग्युमेंट म्हणून पाठव. बाहेरच्या व्हेरिएबलला आतून हात लावू नकोस.

रेग्युलर एक्स्प्रेशनला 'ओ' लावलेला दिसतोय, तोही काढ. त्याने पहिल्या शोधाचाच पॅटर्न कायम राहतो. आणि मॉड्यूल बदललंस तरी जुनाच कोड चालतो म्हणून ओरडत होतास ना? रजिस्ट्री फक्त स्क्रिप्टच्या फाइलची वेळ तपासते. मॉड्यूल बदललं की रीस्टार्ट करावा लागतो, किंवा रीलोडची सोय लावावी लागते. रीस्टार्टची योग्य जागा ती आहे.

तुझ्यात कुवत आहे, म्हणून एवढं बोलतोय. लोक स्वतःची माहिती आपल्या भरवशावर देतात, तिथे चालढकल मी खपवून घेणार नाही. साइट आत्ताच्या आत्ता जुन्या सीजीआयवर परत ने, वाचनालयाला घडलेलं खरं खरं सांग, 'स्ट्रिक्ट' आणि 'वॉर्निंग्ज' प्रत्येक फाइलमध्ये चालू कर, आणि लॉग पूर्ण कोरा झाल्याशिवाय मॉड-पर्लचं नाव काढू नकोस.