पत्रं फाडावीत की ठेवावीत?

जगात माणसांच्या जाती दोनच. पत्रं फाडणाऱ्यांची आणि पत्रं ठेवणाऱ्यांची. या दोन जातींत सर्रास लग्नं होतात आणि आमच्या घरी तसं एक झालेलं आहे. अमरावतीच्या आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबांनी तारेच्या आकड्यांत ओवलेली सगळी पत्रं तिच्यात आहेत. दर दिवाळीला आमची सौ. तिच्याकडे बोट दाखवते आणि मी दुसरीकडे पाहतो. गेल्या दिवाळीत तिनं रद्दीवाल्यालाच अंगणात उभं केलं. त्यानं एक आकडा हातावर तोलला आणि म्हणाला, "भाव तं येऊन जाईन साहेब. पन हे वाचते कोन?"

प्रश्न शुद्ध तत्त्वज्ञानाचा होता आणि विचारणाऱ्याच्या हातात तराजू होता.

या प्रश्नावर ज्यू लोकांनी फार पूर्वी एक तोड काढली. ज्या कागदावर देवाचं नाव आलं, तो फाडायचा नाही की जाळायचा नाही. प्रार्थनामंदिरात त्यासाठी एक जागा असते, तिला गेनिझा म्हणतात. कागद तिथे टाकायचे आणि पुढे सावकाश माणसासारखी त्यांना मूठमाती द्यायची. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या मंदिरात लोकांनी कागद टाकायचं काम शेकडो वर्षं नेमानं केलं, मूठमातीचं मात्र बरंचसं राहून गेलं. आळसाचे इतिहासावर असे फार उपकार आहेत. १८९६ साली शेख्टर नावाचे पंडित तिथे पोचले आणि त्यांनी सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले.

त्यांत धर्मग्रंथ तर होतेच, पण हिशेब, याद्या आणि घरगुती पत्रंही होती. बेन यिजू नावाचा एक ट्युनिशियाचा व्यापारी ११३२ च्या सुमारास आपल्या मंगळूरला येऊन राहिला होता. त्याला एडनहून मित्र कागद पाठवीत. तरीही हा गृहस्थ आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचा! म्हणजे स्वभावानं अगदी आमच्या अंबापेठेतला. ११४९ साली त्यानं एडनहून भावंडांना पत्र घातलं, त्यात मुलीच्या लग्नाचा घोर आहे. पुतण्याशी जमवावं म्हणतो. राजेरजवाडे गेले, पण या बापाची काळजी जशीच्या तशी शिल्लक आहे.

आपल्या मराठी ज्यूंचं, बेने इस्राएलांचं उदाहरण घ्या. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला. मधली चाळीस वर्षं ते बाड कुणीतरी कुठल्यातरी माळ्यावर सांभाळलंच असणार. त्या घरातल्या सौ.ला माझा नमस्कार.

गेनिझाचा हा नियम आपण लावून घेतला, तर एकही पत्र टाकता येणार नाही. आपलं पत्र 'श्री'शिवाय सुरूच होत नाही. 'अकोल्याहून सरकी पाठवणे' या एका ओळीवरही 'श्री' आहेच. 'श्री' नसतो तो फक्त सुतकाच्या पत्रावर, आणि ते वाचल्याबरोबर फाडायचं, ही रीत. परिणाम असा, की आमच्या ट्रंकेतल्या पुराव्यावरून या घराण्यात पन्नास वर्षं बारशी, मुंजी, लग्नं झाली. मेलं मात्र कुणीच नाही.

मोठ्यांच्या कागदांची काळजी नसते. आमच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या १८९४ ते १९३८ पर्यंतच्या दैनंदिन्या दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पेच पडतो तो लहानांच्या कागदांचा.

आमच्या मोठ्या आत्याला अकोल्याला दिली होती. तिची चार कार्डं एका आकड्यात आहेत. 'ती. बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल.' कार्ड उघडं. सासरची माणसं वाचणार. म्हणून खुशाली मधे, आणि कडेच्या समासात, आडवं धरल्याशिवाय न दिसणाऱ्या अक्षरात, 'न्यायला कोणी तरी यावे.' आजोबा प्रत्येक पत्रावर लाल शाईनं शेरा मारीत: 'पोचले. उत्तर दिले.' या चार कार्डांवर नुसतंच 'पोचले' आहे. अकोला ते अमरावती अंतर ते किती! बडनेऱ्याला गाडी बदलली की झालं.

ही पत्रं एखाद्या संस्थेला द्यावीत असं मी म्हटल्यावर काका म्हणाले, "दे. पण ती चार काढून दे. घराची अब्रू असते." काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. दुसऱ्याचं पत्र परवानगीवाचून वाचू नये, असं फर्मान ज्यूंचेच एक धर्मगुरू, मेंझचे गेर्शोम, यांच्या नावावर हजार वर्षांपासून चालत आलं आहे. म्हणजे एकाच धर्मात पत्र टाकायचंही नाही आणि वाचायचंही नाही! पहिल्यांदा मला हसू आलं. मग पटलं. आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला 'लीळाचरित्र' लिहिलं गेलं, आणि महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. तिथेही तेच. ठेवायचं, पण वाटेल त्याला वाचू द्यायचं नाही. ठेवणं हे एका पिढीचं काम आणि वाचणं दुसऱ्या पिढीचं; मधे काही काळ जावा लागतो.

तेव्हा आकडा आहे तसा जाईल. चारही कार्डांसकट. मात्र पन्नास वर्षं कुणी उघडायचा नाही, या अटीवर. तोवर ज्यांना लाज वाटावी अशी माणसं उरणार नाहीत, आणि आत्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणीतरी अनोळखी उरेल.

काकांना मी एवढंच म्हणालो, की सुतकाचं पत्र हातोहात फाडणाऱ्या आजोबांनी ही चार फाडली नाहीत. तारेत ओवली. उत्तर द्यायचं धाडस त्यांना झालं नसेल. पण पत्र आलंच नाही, असं त्यांनी होऊ दिलं नाही. 'पोचले' हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे. ते खोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?