ठाव घेण्याच्या विरुद्ध काय?

इंग्रजीतील 'साउंड आउट' या वाक्प्रयोगाच्या मुळाशी शिसे बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजण्याची कल्पना आहे. आवाजवाचक 'साउंड'शी त्याचे व्युत्पत्तीने नाते नाही. मराठीतील 'मनाचा ठाव घेणे' हेही पाण्याचेच रूपक. खोली मोजणारा स्वतः पाण्यात उतरत नाही, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. म्हणूनच या क्रियेचा विरुद्धार्थ ठरविणे हा केवळ कोशकाराचा प्रश्न राहत नाही. 'स्पष्ट सांगणे', 'गप्प राहणे', 'गृहीत धरणे' यांपैकी कोणताही पर्याय पुढे करता येतो; मात्र प्रत्येक निवडीत, चाचपणीत नेमके काय खटकते याविषयीचा नैतिक निर्णय दडलेला असतो.

प्लूटार्कच्या ब्रूटस-चरित्रातील एक प्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरविरुद्ध कट शिजत असताना ब्रूटसने फेवोनियस व स्टॅटिलियस या मित्रांची मने तात्त्विक चर्चेच्या आडून जोखली. बेकायदा एकाधिकारापेक्षा यादवी वाईट, असे फेवोनियस म्हणाला; मूर्खांपायी शहाण्याने स्वतःला संकटात लोटू नये, असे स्टॅटिलियस. तेथे बसलेल्या लाबिओने दोघांचेही म्हणणे खोडून काढले. प्रश्न अवघड असल्याचे भासवून ब्रूटस गप्प राहिला आणि मागाहून एकट्या लाबिओला त्याने कट सांगितला.

ब्रूटसने सारे उघड बोलावयास हवे होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यात अनेकांचे प्राण गेले असते. तेव्हा स्पष्टोक्ती हा येथे खरा विरुद्धार्थ नव्हे. खटकते ते वेगळेच. फेवोनियसने एक विधान केले होते, आणि ते खोटे ठरविणे सोपे नव्हते. त्याला उत्तर मिळाले नाही. त्याची केवळ नोंद झाली. युक्तिवादाचे लक्षणात, जणू रोग्याच्या नाडीत, रूपांतर झाले. त्या बैठकीत चाचपणीच्या विरुद्ध वागला तो लाबिओ, आणि त्याने केले काय, तर वाद घातला. कटाची कल्पना नसतानाही त्याने समोरच्याचे म्हणणे म्हणणे म्हणूनच घेतले.

शिवाय मोजमापही फसले. सीझरवधानंतर फेवोनियस ब्रूटसच्याच पक्षाला मिळाला आणि इ. स. पू. ४२ मधील फिलिपायच्या पराभवानंतर कैदी म्हणून मारला गेला. कशावर मत मागितले जात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे मत म्हणजे त्याचा निश्चय नव्हे.

प्लूटार्कच्या मते सिसरोला कटापासून दूर ठेवले गेले ते त्याच्या भित्रेपणामुळे व वयामुळे. शेक्सपिअरने 'ज्युलिअस सीझर'मध्ये (१५९९) हे कारण बदलले. सिसरोचा ठाव घ्यावा काय, असे कॅशियस विचारतो. उत्तर देताना ब्रूटस मात्र 'ब्रेक विथ' हे क्रियापद योजतो, ज्याचा तत्कालीन अर्थ गुपित उघड करणे असा होता. म्हणजे विरुद्धार्थी जोडी एकाच संवादात शेजारी येते, आणि दोन्ही कृती टळतात. इतरांनी आरंभिलेल्या कार्यामागे सिसरो कधीच जाणार नाही, एवढे ब्रूटसने म्हटले की निकाल लागतो. हे गृहीत धरणे चाचपणीहूनही कठोर आहे. चाचपणारा निदान समोरचा माणूस अनपेक्षित उत्तर देऊ शकेल, एवढे तरी मान्य करीत असतो. सिसरोला वगळू नये असे क्षणापूर्वीच म्हणालेला कास्का लगेच सांगतो, की तो लायकच नाही.