औषधाचाही हिशोब

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवरचे हिंदूराव रुग्णालय सकाळीच गजबजते. त्या नावामागे एक मराठी माणूस आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंदे यांचे बंधू. 1835 मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची हत्या झाली आणि त्याचा टेकडीवरचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. आज तिथे केसपेपरसाठी जशी रांग लागते, तशी देशातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात लागते. त्या रांगेत 'मला शुगर आहे' हे लोक मोकळेपणाने सांगतात. एचआयव्हीसह जगणारा माणूस मात्र गप्प असतो. ज्याला हे दोन्ही आजार आहेत, तो दोन खिडक्यांवर अर्धा अर्धाच कळतो.

अशी माणसे वाढत आहेत, कारण ती आता जगत आहेत. 1986 मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांनी चेन्नईत एचआयव्ही विषाणूचा भारतातला पहिला पुरावा शोधला, तेव्हा हाती औषध नव्हते. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली.

सुरुवातीच्या त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन होते. त्याने जीव वाचले, पण काही रुग्णांचे गाल आत गेले, हातांच्या शिरा उठून दिसू लागल्या, तळपाय बधिर झाले. हे औषध पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला इजा करते. कातडीखालची चरबी झडते, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि रक्तातली साखर चढू लागते. इंडिनाव्हिरसारखी दुसऱ्या गटातली औषधे पेशींमध्ये साखर शिरण्याची वाटच अडवतात, हे 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले.

जीव वाचवणाऱ्या औषधाला जाब विचारायला धैर्य लागते. डॉ. सॉलोमन यांच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी रुग्णांची औषधे का बदलावी लागली, याच्या नोंदी ठेवल्या आणि प्रसिद्ध केल्या. जगभरातून असे पुरावे जमत गेले, तेव्हा 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितले. ज्यांनी हे दोष नोंदवले, त्यांनी उपचारांवरचा विश्वास कमी केला नाही, उलट तो टिकवला.

आपल्या देशात ही दक्षता अधिकच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्येच आपले आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगात मधुमेहाची तयारी आधीच झालेली असू शकते. त्यात औषधाची भर पडली, तर धोका वाढतो.

आजची डोल्युटेग्राव्हिरयुक्त गोळी पूर्वीच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी सुसह्य आहे. तरीही तिने काहींचे वजन वाढते, क्वचित साखरही चढते. ती मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढवते, म्हणून मेटफॉर्मिनचा डोस साधारणपणे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी या रुग्णांत कधी कधी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून उपाशीपोटीची साखर मोजणे महत्त्वाचे. उपचार सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर किंवा औषध बदलल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हावी.

आपण ही गोळी घेत असाल, तर ती कधीही स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना न संकोचता विचारा, 'माझी साखर तपासली का?' एचआयव्ही आणि मधुमेह, दोन्हींच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. आणि आपल्या शेजारी, कार्यालयात, नात्यात कुणी एचआयव्हीसह जगत असेल, तर त्याला आपल्या आजाराबद्दल न घाबरता बोलता येईल असे वागा. भेदभावाला 2017 च्या कायद्याने बंदी घातली आहे. ती बंदी आचरणात आणणे आपल्या हाती आहे.