फटीचं माप

आमच्या जिप्सीचं इंजिन पहिल्यांदा बांधलं तेव्हा बेअरिंगं मी स्वतः दुकानातून आणली. खोकं सीलबंद, वर ‘स्टँडर्ड’ असं छापलेलं. वर्षभरात गाडी तापून सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बेअरिंगं अस्सल होती, मिस्त्रीचा हातही चांगला होता. चूक आधीच झाली होती. मी बेअरिंग निवडलं होतं. निवडायची होती ती फट.

ही बेअरिंगं सायकलच्या चाकातल्यासारखी छऱ्यांची नसतात. अर्धगोल पत्र्याच्या दोन पाकळ्या समोरासमोर येतात आणि त्यांच्या आत क्रँकच्या दांड्याचा गोल भाग, म्हणजे जर्नल, फिरतो. जिप्सीच्या १.३ लिटर सुझुकी इंजिनात मेन जर्नलचा व्यास सुमारे ४५ मिलिमीटर आहे. बेअरिंगचा आतला व्यास त्याहून फक्त ०.०२ ते ०.०४ मिलिमीटरने जास्त हवा. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरेल. एवढ्याशा जागेत ऑइल शिरतं आणि क्रँकचा सगळा भार तेच उचलतं. इंजिन चालू असताना लोखंड बेअरिंगला टेकतच नाही.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते इंग्लंडमध्ये. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बोशॅम्प टॉवर यांनी तेल सोडायला वरून भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी लाकडी बूच ठोकून पाहिलं. तेलाने तेही बाहेर ढकललं. त्यांचा अहवाल १८८३ चा, आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा दांडा तेलाला स्वतःबरोबर ओढत अरुंद होत जाणाऱ्या जागेत कोंबतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा उचलला जातो. पंपाचं काम तेल पोचवण्याचं. भार पेलणारा दाब ती निमुळती जागाच निर्माण करते.

म्हणून फट कमी पडली तर तेलाला जागा उरत नाही. बेअरिंग तापतं, वितळतं, इंजिन जाम होतं. जास्त झाली तर तेल कडांनी गळून जातं, आणि ही गळती फटीच्या तिसऱ्या घाताने वाढते. फट दुप्पट झाली की गळती सुमारे आठपट. माझा लाल दिवा का लुकलुकत होता ते यात आलं.

आता ही फट येते कुठून? तीन मापांतून: ब्लॉकमधल्या घराचा व्यास, जर्नलचा व्यास आणि पाकळीची जाडी. यातली पहिली दोन आपल्या इंजिनात आधीच ठरलेली असतात. दुकानात मिळतं ते फक्त तिसरं. पहिली दोन न मोजता तिसरं आणणं म्हणजे पाय न मोजता चपला आणण्यासारखं आहे. सुझुकीने तर या इंजिनांसाठी ‘स्टँडर्ड’ मेन बेअरिंगाचेच पाच प्रकार केले आहेत: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. एका रंगापासून दुसऱ्यापर्यंत जाडीत फरक केवळ ३ मायक्रॉनचा. ब्लॉकवर आणि क्रँकवर कोरलेल्या खुणा जुळवून कुठल्या जर्नलला कुठला रंग ते ठरतं. मला हे ठाऊक नव्हतं, आणि दुकानात कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्यांदा क्रँक घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी जर्नल मऊ फडक्याने पुसलं, मायक्रोमीटर लावला, मग क्रँक पाव फेरा फिरवून पुन्हा लावला. एकीकडे ४४.९७, दुसरीकडे ४४.९५. “गोल राहिलं नाही, अंडं झालंय,” ते म्हणाले. अशा अंड्याला कुठल्याच रंगाचं बेअरिंग बसत नाही. क्रँक ग्राइंड करायचा आणि ०.२५ अंडरसाइज बेअरिंग घालायचं, हाच मार्ग.

‘अंडरसाइज’ या नावाने अनेक जण फसतात. अंडरसाइज असतं ते जर्नल. बेअरिंग उलट जाड असतं, जर्नलमधून काढलेली धातू भरून काढण्यापुरतं. ट्रकच्या कामात ‘दहा’, ‘वीस’ म्हणतात तेही हेच, इंचाच्या हजाराव्या भागात. आणि दहाचं बेअरिंग मिळालं म्हणून जर्नल दहाने उतरवायचं नाही. आधी खराबी किती खोल आहे ते बघायचं, माप ठरवायचं, बेअरिंग हातात आलं की ते मोजायचं आणि मगच ग्राइंडिंगला द्यायचं. कडेची गोलाई तशीच राखायची, नाहीतर क्रँक तिथेच तुटतो.

बेअरिंगचा पृष्ठभाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट यांनी कथिलाच्या मिश्रधातूने ही वाट दाखवली. आज पोलादी पाठीवर तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-कथिल असतं. तेलातून आलेला कण या मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँकवर ओरखडा उठत नाही. शिवाय झीज होईल ती बेअरिंगची, आणि बेअरिंग बदलता येतं. म्हणून ‘कडक माल द्या’ असं दुकानदाराला कधी सांगू नये.

पाकळी घरात बसवली की तिची कड केसभर वर राहते. ती तशीच राहायला हवी. बेअरिंगची टोपी आवळल्यावर त्या दाबानेच पाठ घराला घट्ट चिकटते आणि उष्णता बाहेर जाते. ती कड कानशीने घासणं, किंवा फट मोठी वाटली म्हणून पाठीमागे पत्र्याची पट्टी घालणं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही अक्षम्य आहे.

शेवटी, क्रँक ग्राइंड होऊन ब्लॉकमध्ये बसल्यावर, त्या कारागिरांनी जर्नलवर प्लास्टिगेजचा मऊ धागा रुंदीभर ठेवला, टॉर्क रेंचने टोपी आवळली, क्रँक जराही न हलवता पुन्हा खोलली. चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून पाहिला: ०.०३. पाचही जर्नलना तेच केलं, दुपार त्यातच गेली.

तुम्ही इंजिन उघडलं असेल तर पाच मेन जर्नल आणि कनेक्टिंग रॉडच्या चार पिनांची मापं, दोन्ही दिशांची, एका चिठ्ठीवर लिहून घ्या. दुकान त्यानंतर.